झीज आणि जतन

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात सामानाची आवराआवर सुरू होते, आणि त्या आवराआवरीत मनुष्याच्या विवेकाची जेवढी कसोटी लागते तेवढी नीतिशास्त्राचे ग्रंथ वाचताना क्वचितच लागत असेल. काय बरोबर न्यावयाचे, काय कोणाला देऊन टाकावयाचे आणि काय डोळ्यांआड करावयाचे, याचा निर्णय तीनचार दिवसांत करावा लागतो. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. कचेरीतही हेच काम आपण निराळ्या नावाने करीत असतो. कोणती नस्ती कायम ठेवावयाची आणि कोणती ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाची, याच्या याद्यांवर आपण वर्षानुवर्षे सह्या केलेल्या असतात. परंतु कचेरीत नियम असतो, घरी तो नसतो. आणि ज्या वस्तू आपल्या डोळ्यांदेखत झिजत चालल्या आहेत त्यांच्याविषयी आपले कर्तव्य काय, हे तर ना कचेरीचा नियम सांगतो, ना घराची रूढी. त्यांना वापरातून काढून सुरक्षित ठेवावे, की वापरून झिजू द्यावे? आणि झीज थांबविणे आपल्या हाती नसेल, तर तिच्याजवळ नुसते बसून राहण्यात काही धर्म आहे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा राहिला तो एका अमेरिकन ध्वनिमुद्रणामुळे. आमची कन्या सुटीत घरी आली असता रात्री दिवे मालवून काहीतरी लावून बसे. एके रात्री आम्हीही तिच्याजवळ जाऊन बसलो. पितळी वाद्यांसारखा एक लहानसा मंद सूर येई, संपे, आणि पुन्हा तोच येई. पाच मिनिटे झाली, दहा झाली. सूर काही बदलेना. ‘‘यात पुढे काय होते?’’ असे आम्ही विचारले. ‘‘काही होत नाही, बाबा. ते फक्त संपत जाते,’’ ती म्हणाली. त्या उत्तराने आम्ही जागेवर बसून राहिलो, आणि पुढे ते संपूर्ण ऐकले. सुमारे ६३ मिनिटे लागली.

या जातीच्या संगीताला तिकडे ‘अँबियंट’ म्हणतात. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने १९७८ साली विमानतळासाठी म्हणून ज्या रचना केल्या, त्यांपासून हे नाव विशेष रूढ झाले. त्यात बंदिश नसते, लय ठळक नसते, समेवर येण्याचा आनंद नसतो. देवघरात लावलेल्या उदबत्तीचा वास घरभर असावा, तसे ते असते. आम्ही ऐकले ते विल्यम बसिन्स्की या अमेरिकन संगीतकाराचे काम होते. त्याचे नाव ‘दि डिसइंटिग्रेशन लूप्स’, म्हणजे विघटनाची आवर्तने. या मालिकेच्या चार तबकड्या २००२ व २००३ या वर्षांत निघाल्या, आणि त्या बसिन्स्की यांनी कोणा मोठ्या कंपनीकडे न जाता ‘२०६२’ या नावाच्या स्वतःच्याच लहानशा लेबलाखाली काढल्या. पुढे २०१२ साली टेंपररी रेसिडेन्स या दुसऱ्या एका स्वतंत्र लेबलाने ती सर्व मालिका एकत्र करून पुन्हा प्रसिद्ध केली. जगाच्या बाजारात अशा वस्तूला जागा थोडी; पण ज्यांना ती मिळाली त्यांनी ती सोडली नाही.

तिच्या जन्माची हकीकत अशी. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बसिन्स्की रेडिओवरून कानी पडणारे संगीताचे तुकडे ध्वनिफितीवर टिपून घेत. त्यातला काही सेकंदांचा तुकडा कापावा, त्याची दोन टोके जोडून फितीचे कडे करावे आणि ते यंत्रावर फिरत ठेवावे, अशी त्यांची रीत होती. ही कडी पुढे बरीच वर्षे पडून राहिली. २००१ च्या उन्हाळ्यात, जुने काम नष्ट होण्यापूर्वी नव्या संगणकीय पद्धतीने उतरवून घ्यावे, या हेतूने त्यांनी ती बाहेर काढली. म्हणजे मूळ हेतू जतनाचाच होता, हे ध्यानात ठेवावयास हवे.

ध्वनिफीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी एका चिकट द्रव्याच्या साहाय्याने बसविलेली असते. आवाज साठतो तो त्या भुकटीत. पट्टी केवळ तिला वाहून नेते. वर्षे लोटली, हवेतला दमटपणा शोषला गेला, की ते चिकट द्रव्य निकामी होते आणि भुकटी पट्टीला सोडू लागते. बसिन्स्की यांनी कडे यंत्रावर चढविले, नोंद घेणारे दुसरे यंत्र सुरू केले आणि थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानात आले की प्रत्येक फेऱ्याबरोबर भुकटी झडून पडत आहे. ज्या क्रियेने आपण त्या सुराला वाचवू पाहतो, तीच क्रिया त्याला मारीत आहे! अशा वेळी बहुतेक माणसे धावत जाऊन यंत्र बंद करतील. त्यांनी ते चालू ठेवले, आणि नोंद घेणारे यंत्रही चालू ठेवले. फितीचा तो अखेरचा तास जसाच्या तसा उतरून निघाला.

ऐकणाऱ्याला हे प्रथम कळतही नाही. सूर भरीव असतो, निश्चिंत असतो. मग केव्हातरी त्याच्या कडा बोथट झाल्याचा भास होतो. पुढे एखाद्या ठिकाणी बारीकशी खोक पडते आणि पुढच्या फेऱ्यात तीच खोक किंचित रुंद झालेली असते. अर्ध्या तासानंतर आपण सूर ऐकत आहो की सुराची आठवण, हे सांगता येत नाही. कारण जे गळून पडले ते आपले मन भरून काढीत असते. शेवटी काही चिंध्या उरतात, आणि मग तेही नाही. एखादा वृद्ध आप्त दररोज भेटत असावा आणि तो कोणत्या दिवशी म्हातारा झाला हे आपल्याला सांगता येऊ नये, तसे हे आहे.

आता प्रश्न असा की यंत्र चालू ठेवणे योग्य होते काय? एक पक्ष म्हणेल, नव्हते. नाशवंत वस्तू हाती आहे, ती नष्ट होत आहे हे समजले, तर हात आवरणे हे पहिले कर्तव्य होय. नाशाचे सौंदर्य पाहत बसणे ही चैन आहे. जळत्या घराच्या ज्वाळांचे रंग वाखाणण्यासारखेच ते आहे. हा आक्षेप आम्हांला हलका वाटत नाही. पण त्याच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवावासा वाटतो. यंत्र बंद केले असते तर काय वाचले असते? पुन्हा कधी लावता न येणारी एक फीत. जी वाजली की संपते आणि वाजली नाही तर फीत असूनही आवाज नाही, अशी ती वस्तू. तिच्यातला सूर वाचविला असे त्याला म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुस्तकातून काढलेले नाही. ते आम्हांला महाग पडलेले आहे.

१९८५ च्या दिवाळीत आम्ही रजेवर गावी गेलो असता नुकतेच घेतलेले टेपरेकॉर्डर बरोबर नेले होते. गिरणी गावात येऊन कैक वर्षे झाली होती, तरी आमच्या मातोश्री सणासुदीला पहाटे जात्यावर थोडेसे दळीत आणि ओव्या म्हणत. ‘‘त्या डबड्यापुढं काय म्हणायचं?’’ असे म्हणून त्यांनी प्रथम मान फिरविली. पण एकदा जाते फिरू लागल्यावर त्यांना डबड्याचा विसर पडला. एका कॅसेटची एक बाजू भरली. त्यांच्या माहेरच्या ओव्या, भावाच्या ओव्या, आणि दूरदेशी नोकरीस गेलेल्या लेकाच्या म्हणून त्यांनी स्वतः रचलेल्या चार-दोन, असे त्यात होते. आठ वर्षांनी त्या गेल्या.

त्यानंतर ती कॅसेट ही आमच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू झाली, आणि मोलाची वस्तू झाल्यामुळे ती कुलुपात गेली. वारंवार लावली तर फीत झिजेल, असे आम्ही सर्वांना बजावले. जबलपूरहून गुवाहाटी, गुवाहाटीहून विशाखापट्टणम, अशा बदल्या होत गेल्या. प्रत्येक वेळी ती मऊ कापडात गुंडाळून, डांबराच्या गोळ्यांसह पोलादी कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवली जाई. मुलांनी एकदोनदा हट्ट केला तेव्हा ‘‘पुढे ऐकू’’ असे आम्ही म्हटले. आपण एक पवित्र ठेव सांभाळीत आहो, असे आम्हांला मनापासून वाटत होते. जपण्याचा अभिमान असा काही चढतो की जपलेल्या वस्तूचा उपयोग काय, हे विचारावयाचे भानच राहत नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर ती बाहेर काढली. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. कोणाकडून तरी एक जुने यंत्र मिळविले आणि घरातली सर्व मंडळी भोवती बसली. दोन-अडीच मिनिटे जात्याची घरघर ऐकू आली. तिच्यामागे आवाज आहेसे वाटले, न वाटले. मग फीत यंत्रात चिकटली, गुंडाळली गेली आणि तुटली. यंत्राच्या आत तांबूस भुकटी पडलेली दिसली. त्या वेळी खोलीत पाच माणसे होती आणि प्रत्येकाच्या हाती आवाज टिपू शकेल असा फोन होता. एकालाही तो सुरू करण्याचे सुचले नव्हते.

फीत झिजवावयाची नाही म्हणून आम्ही ती लावली नाही. पण न लावल्याने ती झिजावयाची थांबली नाही. आमच्या मुलांनी आजीचा आवाज शंभर वेळा ऐकला असता, त्या ओव्या त्यांच्या ओठी बसल्या असत्या आणि मग फीत संपली असती, तर काहीतरी संपूनही राहिले असते. तसे न होता ती कोणासाठीही न वाजता संपली. त्या रात्री बसिन्स्की यांचे यंत्र ऐकताना आम्हांला जे अस्वस्थ करीत होते ते हेच. त्यांनी आपली फीत खर्च केली, पण डोळे उघडे ठेवून आणि नोंद ठेवून. आम्ही आमची फीत गमावली ती डोळे मिटून, जतनाच्या नावाखाली.

यावरून झिजणारी प्रत्येक वस्तू वापरून संपवावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जुनी पोथी पुड्या बांधण्यास देणारा मनुष्य अपराधीच होय. फरक वस्तूच्या जातीत आहे. काही वस्तूंचे अस्तित्व त्यांच्या देहात असते: दगड, नाणे, सनद. त्यांना हात न लावणे हीच त्यांची सेवा. काही वस्तूंचे अस्तित्व त्यांच्या चालण्यात असते: गाणे, रीत, बोली, स्नेह. त्या थांबविल्या की राहतो तो केवळ त्यांचा सांगाडा. आपली चूक होते ती दुसऱ्या जातीच्या वस्तूला पहिल्या जातीचा नियम लावल्याने.

येथवर आम्ही बसिन्स्की यांच्या बाजूने बोललो. परंतु त्यांच्या हकिकतीचा उत्तरार्ध याहून अवघड आहे. हे काम हातावेगळे होते न होते तोच ११ सप्टेंबर २००१ चा दिवस उजाडला. ते ब्रुकलिनमध्ये राहत. नदीपलीकडे मॅनहॅटनचे मनोरे दिसत. दोन्ही मनोरे कोसळताना त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी घराच्या गच्चीवरून पाहिले. न्यूयॉर्कच्या त्या जागी २,७५३ माणसे मेली. संध्याकाळी, उजेडाच्या अखेरच्या तासात, त्यांनी गच्चीवर एक कॅमेरा धुराकडे रोखून ठेवला आणि अंधार पडेपर्यंत तो हलविला नाही. पुढे त्या चित्रणाला त्यांनी पहिल्या आवर्तनाची साथ जोडली, त्यातलीच चित्रे तबकड्यांच्या वेष्टनांवर घातली आणि ते सर्व काम मृतांना अर्पण केले.

येथे मन अडखळते. फीत त्यांची स्वतःची होती. ती खर्च करण्याचा अधिकार त्यांना होता. पण परक्यांचे मरण? ज्या संगीताचा त्या मृत्यूंशी उगमतः काही संबंध नव्हता, त्याला त्यांची चौकट देणे हे सांत्वन, की उसने घेतलेले गांभीर्य? आम्ही या प्रश्नाभोवती बरेच दिवस फिरलो. आपल्याकडे साक्षीची दोन रूपे आहेत. वेदान्तातला साक्षी सर्व पाहतो आणि कशातही गुंतत नाही. न्यायालयातला साक्षीदार पाहिले ते सांगण्यास बांधलेला असतो, मग त्याची गैरसोय होवो. गच्चीवरच्या माणसाने पहिल्याची अलिप्तता पत्करली असती तर ती अमानुष ठरली असती. त्याने दुसऱ्याचे बंधन पत्करले असावे, असे आम्हांला वाटते. तो कॅमेरा कोणाचा चेहरा शोधीत नाही, कोसळण्याचा क्षण दाखवीत नाही, चित्रण करणाऱ्यालाही मध्ये आणीत नाही. तो एवढेच सांगतो की हे झाले, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही येथून उठलो नाही.

तेव्हा साक्ष देण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर आमच्या मते असे आहे. ज्याच्या हाती वाचविणे होते आणि जो न वाचविता पाहत राहिला, त्याला तो नाही. ज्याने वाचविण्याजोगे काही उरले नाही हे पाहिले आणि तरीही पाठ फिरविली नाही, त्याला तो आहे. मात्र त्याने शेवटपर्यंत थांबले पाहिजे आणि स्वतःला मधोमध बसविता कामा नये. ही रेषा बारीक आहे. बसिन्स्की तिच्या नेमक्या कोणत्या बाजूस आहेत याविषयी मतभेद राहील, आणि आमचाही निर्णय सर्वस्वी निःशंक नाही. एवढे खरे की ते चित्रण आज न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर स्मारक संग्रहालयाच्या संग्रही आहे.

घटनेला दहा वर्षे झाली त्या दिवशी, २०११ साली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात हे पहिले आवर्तन वाद्यवृंदाने वाजविले. मॅक्सिम मॉस्टन यांनी त्याची स्वरलिपी सिद्ध केली होती. फितीवर जे आपोआप झडले ते आता वादकांनी हेतुपूर्वक, मोजून, गाळावयाचे होते. स्थळ होते डेंडूरच्या मंदिराचे दालन. हे मंदिर मुळात ईजिप्तमधले, सम्राट ऑगस्टसच्या काळचे. आस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्यात ते बुडणार होते म्हणून दगड दगड सुटा करून हलविले गेले. ईजिप्तने १९६५ मध्ये ते अमेरिकेला भेट दिले आणि १९७८ पासून ते तेथे उभे आहे. नागार्जुनकोंड्याचे अवशेष धरणासाठी टेकडीवर हलविलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा कामाची कल्पना असेल. दगड वाचविले, हे उचितच झाले. दगडाचा तोच न्याय आहे. पण त्या मंदिरासमोरची नील नदी आणि तेथले पूजाविधी कोणालाही हलविता आले नाहीत. ते दगडांपूर्वीच गेले होते. वाचविलेले मंदिर आणि झिजू दिलेला सूर एका छताखाली आले, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

आमच्या वाचकांशी याचा जो संबंध आहे तो सांगून हे लांबलेले विवेचन आवरते घेतो. तंजावरास बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांच्या काळी, १८०३ साली, भोसले कुळाचा इतिहास मराठीत शिलांवर कोरविला गेला. तो आजही तेथे आहे. तो लेख म्हणजे जतन केलेली मराठी. त्याच मुलखात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राहिलेल्या मराठी घरांतून जी बोली चालत आली तिच्यात तमिळ शब्द आले, हेल बदलला, प्रत्यय झिजले. पुण्याच्या कानाला ती चमत्कारिक वाटेल. पण राज्य १८५५ मध्ये गेले तरी ती बोली घरांतून गेली नाही, कारण ती वापरात होती. शिलालेख शुद्ध आहे, आणि बोली जिवंत आहे.

आपल्या घरांत काय चालले आहे? मुले हिंदी, बंगाली, तेलुगू शाळांतून नव्हे तर इंग्रजी शाळांतून शिकतात. घरी येऊन मोडकेतोडके मराठी बोलतात. लिंग चुकते, विभक्ती चुकते. आपण लगेच सुधारतो, हसतो, क्वचित पाहुण्यांसमोर लाजतो. मग मूल हळूहळू त्या भाषेत बोलणे सोडते, आणि आपली शुद्ध मराठी आपल्यापाशी सुरक्षित राहते, पोलादी कपाटातल्या कॅसेटसारखी. शुद्धतेची चाड असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण बोलता बोलता झिजणारी भाषा आणि न बोलता कुजणारी भाषा यांतून निवड करावयाची असेल, तर आम्ही पहिलीच निवडू. आणि घरात एखादे वृद्ध माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसावे, त्याला बोलते करावे, आणि फोन सुरू करून ठेवावा. हे काम पुढच्या रजेवर टाकू नये.

सुटी संपण्यापूर्वी कन्येने विचारले की आजीच्या ओव्यांपैकी काही आठवते का. आठवून पाहिल्या. दोन आठवल्या, तिसरीची पहिली ओळ तेवढी. चाल बहुधा चुकली, आणि आमचा गळा काही ओव्यांचा नव्हे. तिने ते सर्व टिपून घेतले आणि आता तीही म्हणते, आमच्या चुकांसह आणि स्वतःच्या दोन नव्या चुकांसह. तुटलेली कॅसेट अजून कपाटात आहे. पुढल्या आवराआवरीत तिचे काय करावयाचे, ते आम्ही अद्याप ठरविलेले नाही.